विलिंग्डनसाहेबांचा वारस

गेल्या महिन्यात भोगावतीकाठच्या एका गावातल्या आजी वारसनोंदीच्या कामासाठी माझ्या शाहूपुरीतल्या ऑफिसात आल्या. पिशवीतून त्यांनी एकेक कागद टेबलावर काढून ठेवला : सातबाऱ्याचा उतारा, यजमानांच्या मृत्यूचा दाखला, नोंदणी केलेले दत्तकपत्र आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो. फोटोत नऊ वर्षांचा एक मुलगा आजींच्या मांडीवर बसला आहे. मांडीवर बसण्याचे त्याचे वय केव्हाच सरलेले असल्यामुळे त्याचे पाय जमिनीला टेकले आहेत, हातात नारळ आहे आणि हे सगळे एकदा आटपावे असा भाव चेहऱ्यावर आहे. शेजारी आजींचे यजमान फेटा बांधून ताठ बसले आहेत. दत्तक देणे-घेणे प्रत्यक्षात घडले हे दाखवायला आम्हा वकिलांना असा फोटो फार उपयोगी पडतो, आणि या प्रकरणात तर भावकीने नोंदीला हरकत घेतलेली असल्यामुळे तो लागणारच होता.

तो मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे आणि सांगलीला विलिंग्डन महाविद्यालयात शिकतो. मीही तिथेच शिकले, असे मी सहज सांगितले, तेव्हा आजींनी विचारले, "ह्यो विलिंग्डन कोण वो मॅडम? त्येंचा वंश हाय का अजून?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. ज्या नावाच्या कमानीखालून मी तीन वर्षे रोज ये-जा केली, त्या नावाचा माणूस मुंबईचा गव्हर्नर होता यापलीकडे मला फारसे ठाऊक नव्हते. आमच्या वेळी निम्मी मुले त्याला वॉटर्लूची लढाई जिंकणारा वेलिंग्टन समजत, आणि खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी मीही त्यांच्यातलीच होते. आजी गेल्यावर मी वाचायला बसले आणि वारसाहक्काच्या धंद्यात निम्मे आयुष्य काढलेल्या बाईला जे आधीच कळायला हवे होते, ते आता कळले : विलिंग्डन हा किताब १९१० मध्ये जन्मला, २६ वर्षांत चार पायऱ्या चढला आणि १९७९ मध्ये वारस नाही म्हणून संपला.

या गृहस्थांचा जन्म १८६६ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ससेक्स परगण्यातल्या रॅटन या गावचा. पाळण्यातले नाव फ्रीमन आणि आडनाव थॉमस. १८९२ मध्ये त्यांनी आडनावालाही फ्रीमन जोडून घेतले, त्यामुळे त्यांचे पूर्ण नाव फ्रीमन फ्रीमन-थॉमस असे झाले, जे ऐकताना आपल्याकडच्या एखाद्या 'पाटील पाटील-देशमुखां'ची आठवण होते. वडील ते अगदी लहान असतानाच वारले. आईचे वडील हेन्री ब्रँड पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष होते. ईटन आणि केंब्रिजमध्ये शिक्षण झाले, क्रिकेट उत्तम, आणि १८९२ मध्येच लग्न झाले ते मारी अ‍ॅडलेड ब्रॅसी यांच्याशी. मारीचे आजोबा म्हणजे रेल्वेच्या बांधकामातून अफाट पैसा मिळवलेले ठेकेदार टॉमस ब्रॅसी. मारीच्या वडिलांना आधी बॅरन आणि मग १९११ मध्ये अर्ल हा किताब मिळाला. तो अर्लचा किताब त्यांच्या मुलाच्या मृत्यूबरोबर १९१९ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ वर्षांत, निपुत्रिक म्हणून संपला. सासरचा किताब आणि माहेरचा किताब दोन्ही असे एकाच रस्त्याने गेले.

जावई थॉमस लिबरल पक्षाकडून दोनदा निवडून आले आणि १९१० मध्ये त्यांना 'रॅटनचे बॅरन विलिंग्डन' करून वरिष्ठ सभागृहात पाठवले गेले. विलिंग्डन हे रॅटनलगतच्या गावाचे नाव आहे. म्हणजे आमच्या महाविद्यालयाचे नाव मुळात ईस्टबोर्नजवळच्या एका खेड्याचे आहे, माणसाचे नाहीच. इंग्रज किताबांमध्ये ही गंमत नेहमीच असते. माणूस एक नाव घेऊन जन्मतो, मग एखाद्या गावाचे नाव पांघरतो आणि पुढे लोक त्याला त्या गावाच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे इचलकरंजीकर, कागलकर, बावडेकर म्हटल्यावर घराणे डोळ्यांसमोर येते तसेच ते, फरक इतकाच की आपल्या जहागीरदारांकडे त्या गावाचा वसूल असे आणि विसाव्या शतकातल्या बॅरनला किताबाबरोबर एक गुंठाही जमीन मिळत नसे.

पुढची चढण वेगाने झाली. १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर, १९१९ ते १९२४ मद्रासचे गव्हर्नर. मद्रास सोडताना बॅरनचे व्हायकाउंट झाले. १९२६ ते १९३१ कॅनडाचे गव्हर्नर जनरल. १९३१ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय म्हणून नेमणूक झाली तेव्हा अर्ल ऑफ विलिंग्डन आणि त्यासोबत व्हायकाउंट रेटेनडोन. रेटेनडोन हे रॅटनचेच जुने रूप, आणि हा जोडकिताब थोरल्या वारसाने वडिलांच्या हयातीत शिष्टाचार म्हणून वापरायचा असतो. १९३६ मध्ये व्हाइसरॉयपद संपले आणि मार्क्विस ऑफ विलिंग्डन झाले. बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस आणि ड्यूक या पाच पायऱ्यांपैकी चार एकाच माणसाने एकाच आयुष्यात चढाव्यात, हे फार थोड्यांना साधले आहे. त्यानंतर आजपर्यंत ब्रिटनमध्ये कोणालाही मार्क्विस केलेले नाही. त्या पायरीवर चढलेला हा शेवटचा माणूस.

माणूस कसा होता, याची साक्ष आपल्याकडे दोन्ही बाजूंनी निघते. गव्हर्नर असताना त्यांनी मुंबईत काढलेला विलिंग्डन क्लब युरोपियनांबरोबर हिंदी सभासदांनाही खुला होता, आणि त्या काळात हे लहान पाऊल नव्हते. पण १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरलेल्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच याच गव्हर्नरसाहेबांनी त्यांना बोलू दिले नाही आणि टिळक सभा सोडून बाहेर पडले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला साहेबांच्या गौरवासाठी टाउन हॉलमध्ये सभा भरवली गेली, तेव्हा बॅरिस्टर जिना यांनी तिथे जाऊन विरोध केला आणि त्या विरोधाच्या आठवणीसाठी लोकांनी वर्गणी काढून मुंबईत सभागृह बांधले. आणि पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत टिळक होते, त्याच सोसायटीने सांगलीत महाविद्यालय काढून त्याला विलिंग्डन हे नाव दिले. टिळकांनी सोसायटी १८९० मध्येच सोडली होती हे खरे, पण तरीही मला त्या नावाकडे आता पूर्वीच्या सहजतेने पाहता येत नाही. पुढे व्हाइसरॉय असताना जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना अटक करून काँग्रेसवर बंदी घालणारेही हेच साहेब. दिल्लीत त्यांच्या नावाचा विमानतळ झाला, तो आता सफदरजंग. रुग्णालय झाले, ते आता राममनोहर लोहिया रुग्णालय. बाईसाहेबांच्या नावाची बाग झाली, ती आता लोदी गार्डन. सांगलीचे नाव मात्र टिकले.

आता आजींचा मूळ प्रश्न : वंश. साहेबांना दोन मुलगे होते. थोरला जेरार्ड पहिल्या महायुद्धाच्या दुसऱ्याच महिन्यात, १४ सप्टेंबर १९१४ रोजी, फ्रान्समध्ये मारला गेला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि वडील मुंबईचे गव्हर्नर होते. धाकटा इनिगो १८९९ चा. १९४१ मध्ये वडील वारल्यावर तो दुसरा मार्क्विस झाला. त्याची तीन लग्ने झाली. पहिली पत्नी मॅक्सीन पुढे विमानांचे आराखडे करणारी म्हणून नावाजली गेली. तिन्ही लग्नांतून त्याला मूल झाले नाही. १९ मार्च १९७९ रोजी तो वारला आणि बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस असे वडिलांनी २६ वर्षे जमवलेले सगळे किताब त्याच दिवशी संपले.

पुढच्या खेपेला आजी आल्या तेव्हा मी त्यांना हे थोडक्यात सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "मग कुणाला तरी मांडीवर घ्यायचं की! भावकी नव्हती व्हय त्येंना?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही, कारण सगळी गोष्ट त्याच प्रश्नाशी येऊन थांबते. इंग्लंडच्या राजाच्या सनदेत बहुतेक वेळा लिहिलेले असते, की हा किताब अमुक गृहस्थास आणि त्याच्या देहापासून, धर्मसंमत विवाहातून झालेल्या पुरुष वारसांस दिला आहे. आपल्या जुन्या इनामपत्रांत 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' असे शब्द असतात, पण आपल्या धर्मशास्त्रात औरस पुत्राबरोबर दत्तक पुत्रही पुत्रच असल्यामुळे त्या शब्दांत दत्तकाला जागा असते. इंग्रजी सनदेतल्या 'देहापासून झालेल्या' या शब्दांनी ती जागा बंद होते. मुलगी चालत नाही, मुलीचा मुलगा चालत नाही, किताब ज्याला प्रथम मिळाला त्याचा भाऊ किंवा पुतण्याही चालत नाही, कारण तो त्या मूळ पुरुषाच्या देहापासून झालेला नसतो. भावकी असून उपयोग नाही, हे आजींना पटवायला मला बराच वेळ लागला. इंग्लंडमध्ये कायद्याने दत्तक घेण्याची सोयच मुळी १९२६ मध्ये झाली. आज तिथे दत्तक मुलाला आईबापांची मालमत्ता मिळते, २००४ पासून किताबधाऱ्याच्या दत्तक मुलांना नावामागे शिष्टाचाराची उपाधीही लावता येते, पण किताब स्वतः मात्र दत्तकाकडे जात नाही.

देहापासून झालेला मुलगा असूनही भागत नाही, याचे ठळक उदाहरण आपल्याच इतिहासातल्या रिचर्ड वेलस्ली यांचे. वसईचा तह आणि दुसरे इंग्रज-मराठा युद्ध घडवणारे हे गव्हर्नर जनरल, आमच्या वर्गातल्या गैरसमजातल्या त्या वेलिंग्टनचे थोरले भाऊ. १७९९ मध्ये त्यांना आयर्लंडच्या यादीतला मार्क्विस हा किताब मिळाला, तेव्हा इंग्लंडच्या यादीतला न मिळाल्याच्या रागाने त्यांनी त्याला 'दुहेरी मुलामा दिलेला बटाटा' म्हटले होते. त्यांना मुलगे होते, पण ते मुलांच्या आईशी १७९४ मध्ये लग्न करण्याआधी झालेले. त्यामुळे १८४२ मध्ये वेलस्ली वारले तेव्हा मुलगे असूनही तो बटाटा कोणालाच मिळाला नाही, आणि वडिलांकडून आलेला जुना अर्लचा किताब तेवढा भावाकडे गेला.

लग्न कायदेशीर होते की नाही, या मुद्द्यावर एका हिंदी घराण्यालाही झगडावे लागले. सत्येंद्रप्रसन्न सिन्हा यांना १९१९ मध्ये 'रायपूरचे बॅरन सिन्हा' केले गेले. वंशपरंपरेचा असा किताब मिळालेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ, आणि ते रायपूर म्हणजे बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले गाव. ते १९२८ मध्ये वारल्यावर मुलाने हक्क मागितला, तर हिंदू विवाहात तेव्हा दुसरी बायको करण्याची मुभा असे, मग अशा विवाहातला मुलगा इंग्रजी सनदेच्या अर्थाने धर्मसंमत वारस ठरतो का, असा सवाल निघाला. कुटुंब ब्राह्मो समाजाचे आणि एकपत्नीव्रती होते. तरी निकाल लागायला १९३९ साल उजाडले. अकरा वर्षे वारसाचा दावा रेंगाळणे आम्हाला कोल्हापुरात नवे नाही, पण त्यात मुद्दा हा असेल असे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

यानंतर मी डलहौसींकडे वळले आणि तिथे बराच वेळ थांबले. साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता. कंपनीने १८१९ मध्ये केलेल्या तहात साताऱ्याचे राज्य तेव्हाच्या महाराजांना आणि त्यांच्या 'वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना' दिले होते, 'देहापासून झालेल्या वारसांना' नव्हे. एखादा सामान्य दिवाणी वकीलसुद्धा या फरकावर दावा लढवू शकला असता. पण गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी ठरवले, की दत्तकाला खाजगी मालमत्ता आणि पिंडदानाचा अधिकार मिळेल, पण सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून राज्य मिळणार नाही. आणि ती संमती त्यांनी दिली नाही. सातारा खालसा झाले, पुढे झाशी आणि नागपूर त्याच वाटेने गेले. मालमत्ता दत्तकाला, पण मानाचे पद मात्र रक्ताच्या पुत्रालाच, ही वाटणी मला आता फार ओळखीची वाटते, कारण त्यांच्या स्वतःच्या देशात किताबांची वाटणी आजही अशीच चालते. महसूल वाढवणे हा हेतू होताच, तो मी नाकारत नाही. पण तो हेतू ज्या शब्दांत मांडला गेला, ते शब्द त्यांच्या घरच्या सनदांतून आलेले असावेत असे मला वाटते.

त्याच डलहौसींना पंजाब जिंकल्याबद्दल ऑगस्ट १८४९ मध्ये 'डलहौसी कॅसल आणि पंजाबचे मार्क्विस' करण्यात आले. त्यांना दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. १९ डिसेंबर १८६० रोजी ते ४८ व्या वर्षी वारले आणि अकरा वर्षांचा तो किताब त्यांच्याबरोबर गेला. स्कॉटलंडमधला जुना अर्लचा किताब चुलत भावाकडे गेला, म्हणून डलहौसी हे नाव राहिले. पंजाब मात्र त्या नावातून गळाले. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पेशवाई बुडवणाऱ्या लॉर्ड हेस्टिंग्जचा मार्क्विस किताबही असाच गेला : चौथा मार्क्विस घोड्यांच्या शर्यतींवर इस्टेट उधळून १८६८ मध्ये २६ व्या वर्षी निपुत्रिक वारला. वेलस्ली, हेस्टिंग्ज, डलहौसी. मराठ्यांचे राज्य तीन टप्प्यांत संपवणारे तिघे, तिघेही मार्क्विस, आणि तिघांचेही ते किताब १८६८ पर्यंत वारसाअभावी नष्ट. यात दैवी न्याय वगैरे शोधणाऱ्यांपैकी मी नाही. राजवंश आणि किताब निपुत्रिक होणे ही सगळीकडचीच रोजची गोष्ट आहे. पण हा योगायोग शाळेच्या पुस्तकात कोणी दोन ओळींत तरी लिहायला हवा होता, असे मला राहून राहून वाटते.

१८५७ च्या उठावानंतर धोरण बदलले. लॉर्ड कॅनिंग यांनी १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या : औरस पुत्र नसेल तर घराण्याच्या रीतीप्रमाणे घेतलेला दत्तक सरकार मान्य करील, असे लेखी आश्वासन. त्या सनदा देऊन कॅनिंग मायदेशी परतले आणि त्याच वर्षी १७ जूनला वारले. त्यांना मूल नव्हते. १८५९ मध्ये मिळालेला अर्लचा किताब आणि आईकडून आलेला व्हायकाउंटचा किताब, दोन्ही त्या दिवशी संपले. शेकडो मैलांच्या मुलुखातल्या राजघराण्यांना मांडीवर मूल घेण्याची मुभा लिहून देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी तशी मुभा देणारा कायदा त्याच्या देशात नव्हता.

त्या मुभेचे मोल कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. १८६६ मध्ये बाबासाहेब महाराजांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, ते राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले आणि आर्नो नदीच्या काठी त्यांची छत्री आजही उभी आहे. त्यांच्यामागे १८७१ मध्ये दत्तक आलेले शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगरला गेले. आणि १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातले नऊ वर्षांचे यशवंतराव दत्तक आले, ते राजर्षी शाहू. १९४० मध्ये शाहूपुत्र राजाराम महाराज पुत्राविना वारल्यावर पुन्हा दत्तक घेतला गेला, तो बालवयातच गेला, आणि १९४७ मध्ये देवासहून शाहू महाराजांच्या मुलीचे पुत्र दत्तक येऊन शहाजी महाराज झाले. ८१ वर्षांत पाच दत्तक. इंग्रजी सनदेचा नियम इथे लागला असता तर करवीरची गादी १८६६ मध्येच संपली असती आणि शाहू महाराज कागलचे एक जहागीरदार म्हणून राहिले असते. पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवणारा १९०२ चा हुकूम मग कोणी काढला असता, हे मला सुचत नाही.

सनदेत आधीच वेगळे लिहून घेतले तर मात्र इंग्लंडमध्येही वाट निघते, हे सांगायला हवे. लॉर्ड कर्झन यांना तीन मुली होत्या. त्यांच्या वेगवेगळ्या किताबांच्या सनदा वेगवेगळ्या लिहिलेल्या होत्या, त्यामुळे १९२५ मध्ये ते वारल्यावर मार्क्विस आणि अर्ल हे किताब संपले, व्हायकाउंटचा एक पुतण्याकडे गेला आणि बॅरनचा एक थोरल्या मुलीला मिळाला. एकाच माणसाच्या वारसाचा असा तुकडा तुकडा होताना पाहून मला आमच्याकडच्या वाटणीपत्रांची आठवण झाली. आणि १९७९ हे वर्ष तर या बाबतीत विलक्षणच : मार्चमध्ये विलिंग्डन किताब संपला, आणि २७ ऑगस्टला आयर्लंडमध्ये बॉम्बस्फोटात लॉर्ड माउंटबॅटन मारले गेले. त्यांनाही मुलगा नव्हता, दोन मुलीच. पण त्यांच्या सनदेत किताब मुलींकडे जाईल अशी खास तरतूद करून घेतलेली असल्यामुळे थोरली मुलगी पॅट्रिशिया त्याच दिवशी काउंटेस माउंटबॅटन झाली. हिंदुस्थानच्या दोन व्हाइसरॉयांचे किताब, एकच वर्ष. एक संपला आणि एक चालू राहिला, कारण सनद लिहिताना एका ओळीचा फरक होता. माझ्या धंद्यात हे रोज दिसते, त्यामुळे मला त्याचे आश्चर्य वाटले नाही, फक्त इनिगोची थोडी कणव आली.

किताब 'संपला' म्हणताना इंग्रजी कायदा दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवतो, तेवढे नोंदवते. वारसच उरला नाही तर तो नष्ट. वारस असण्याची शक्यता आहे पण कोणी हक्क सिद्ध केलेला नाही, तर तो सुप्त, आणि तो शेकडो वर्षांनी जागाही होऊ शकतो. विलिंग्डन पहिल्या प्रकारातला, म्हणजे आता कोणी दूरचा थॉमस जुने कागद घेऊन उभा राहिला तरी काही उपयोग नाही. आमच्या तालुक्याच्या भाषेत सांगायचे तर दप्तर बंद.

आजींच्या प्रकरणात भावकीचे म्हणणे असे होते, की दत्तकविधान नावापुरते झाले, मुलगा पुढेही जन्मदात्यांकडेच वाढला. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ च्या सोळाव्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर दत्तकविधान कायद्याप्रमाणेच झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी हरकतदारावर येते, त्यामुळे मला फार चिंता नव्हती. तरी मुलगा नऊ वर्षांचा असल्यापासून दत्तक वडिलांचेच नाव लावतो, हे दाखवणारे कागद मी मागवले. शाळा सोडल्याचा दाखला आला, रेशनकार्ड आले, आणि परवा मुलाने स्वतः येऊन महाविद्यालयाचा बोनाफाईड दाखला दिला. वर मोठ्या अक्षरांत विलिंग्डन, खाली 'वडिलांचे नाव' या रकान्यात आजींच्या यजमानांचे नाव. आजींनी तो हातात घेऊन दोन्ही नावांवरून बोट फिरवले आणि "पोराचं नाव नीट हाय न्हवं?" एवढेच विचारले. मी हो म्हटले, आणि दाखला सूचीत चौथ्या क्रमांकावर लावून तलाठी कार्यालयात दाखल केला. सुनावणी सोमवारी आहे.